वीस प्रश्नांचा डाव आणि उत्तर देणाऱ्याचे काम

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. महाविद्यालयातले नऊ मित्रमैत्रिणी आता पुणे, नाशिक, मडगाव, मस्कत आणि न्यू जर्सी इथे विखुरलेले आहेत. एकाने मनात एखादी वस्तू किंवा व्यक्ती धरायची आणि बाकीच्यांनी 'होय' किंवा 'नाही' एवढेच उत्तर येईल असे प्रश्न विचारून ती ओळखायची, हा खेळ आपण व्हॉट्सॲपवर सुरू केला. पहिले काही डाव रंगले, मग उत्तरांवरून वाद झाले, दोघे-तिघे गप्प झाले आणि आता खेळ बंद पडायच्या बेतात आहे. तेव्हा नियम कोणते ठेवावेत आणि प्रश्न कसे विचारावेत, असे आपण विचारले आहे.

असाच एक गट मी नऊ वर्षे चालवत आहे आणि सुरुवातीच्या काळात आमचाही खेळ दोनदा बंद पडला होता, म्हणून जे सांगतो ते ठेच लागल्यावर सुचलेले आहे. हा खेळ प्रश्न विचारणाऱ्यांच्या हुशारीवर चालतो असे बहुतेकांना वाटते, आणि म्हणून सगळे नियम त्यांच्यासाठीच केले जातात : किती प्रश्न, कोणी, किती वेळात. माझ्या अनुभवात डाव उभा राहतो किंवा कोसळतो तो उत्तर देणाऱ्यामुळे. प्रश्न चुकला तर एक प्रश्न वाया जातो, पण उत्तर चुकले तर त्याच्यापुढचे सगळे प्रश्न वाया जातात आणि ते वाया जात आहेत हे डाव संपेपर्यंत कोणाला कळतही नाही. आपल्याकडे जे वाद झाले तेही, आपण लिहिले आहे त्यावरून, उत्तरांचेच होते.

आमच्या गटात पहिला मोठा वाद झाला तो कोकमावरून. पुण्याच्या एका सदस्याने मनात 'कोकम' धरले होते. तिसरा प्रश्न आला, "ते फळ आहे का?" त्याने लिहिले, "नाही." चौथा आला, "झाडापासून मिळतं का?" त्याने लिहिले, "होय." पुढचे पंधरा प्रश्न आम्ही साल, डिंक, पान, मूळ, दालचिनी, जायपत्री यांच्या भोवती फिरत घालवले आणि विसावा प्रश्नही फुकट गेला. उत्तर जाहीर झाल्यावर कुडाळच्या एक ताई, ज्या एरवी कधी आवाज चढवत नसत, त्यांनी लिहिले, "अहो, माझ्या माहेरी परसात रातांब्याची सात झाडं आहेत. ते फळ नाही तर काय आहे?" त्यावर पुण्याच्या सदस्याचे म्हणणे असे की, त्याने जन्मभर किराणा दुकानातल्या पाकिटातले काळे, चिकट कोकमच पाहिले होते आणि ते तर साल आहे. दोघेही खरे बोलत होते. एकाच शब्दात मे महिन्यात झाडाला लगडलेले लाल फळही बसते आणि रातांब्याच्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवलेली सालही बसते. पण मनात धरणाऱ्याने यांपैकी नेमके काय धरले आहे, हे स्वतःशीसुद्धा ठरवलेले नव्हते.

तेव्हापासून आमच्याकडे एक नियम आहे आणि तो मी सगळ्यांत वर ठेवीन. डाव सुरू करण्यापूर्वी उत्तर देणाऱ्याने नुसता शब्द न लिहिता एक पूर्ण वाक्य लिहायचे. 'कोकम' असे नव्हे, तर 'आमटीत आंबटपणासाठी घालतात ती रातांब्याची वाळवलेली साल'. 'रायगड' असे नव्हे, तर 'रायगड किल्ला, जिल्हा नव्हे'. 'शाळा' असे नव्हे, तर 'कुठलीही प्राथमिक शाळा, इमारत या अर्थाने'. हे वाक्य लिहायला एक मिनिट लागते. ते लिहिताना जिथे अडखळायला होते, नेमक्या त्याच जागी पुढे वाद होणार असतो, आणि फारच अडखळायला झाले तर ती वस्तू सोडून दुसरी धरावी.

लिहिलेले वाक्य गटाबाहेरच्या किंवा त्या डावात न खेळणाऱ्या एका व्यक्तीकडे आधीच पाठवावे. आम्ही त्या व्यक्तीला साक्षीदार म्हणतो. यात अविश्वास नाही. आठव्या प्रश्नाला 'फळ आहे का' यासारखा पेच पडला, की उत्तर देणाऱ्याला सल्ला विचारायला कोणीतरी लागते आणि खेळणाऱ्यांपैकी कोणाला तो विचारता येत नाही. या खेळाचा रेडिओवरचा अवतार १९४६ मध्ये अमेरिकेत म्युच्युअल या रेडिओ जाळ्यावर आणि १९४७ पासून बीबीसीवर सुरू झाला. बीबीसीच्या कार्यक्रमात घरी ऐकणाऱ्यांना उत्तर आधीच एका 'गूढ आवाजा'तून सांगितले जाई. म्हणजे खेळणारे चार-पाच जण अंधारात आणि लाखो साक्षीदार उजेडात. उत्तर ठाऊक असताना दुसऱ्यांचा शोध पाहण्यात वेगळीच गंमत असते. आमच्याकडे तर साक्षीदार होण्यासाठी पाळ्या लावाव्या लागतात. कामाच्या गडबडीत ज्यांना प्रश्न विचारायला सवड नसते आणि म्हणून जे गप्प होतात, त्यांना हे काम देऊन पाहा.

एका चुकीच्या उत्तराने किती नुकसान होते याचा हिशेब गणितज्ञांनी करून ठेवला आहे. प्रत्येक प्रश्नाने उरलेल्या शक्यता निम्म्या होत असतील, तर वीस प्रश्नांत १०,४८,५७६ शक्यतांमधून एक निवडता येते. दहा लाखांपर्यंतची कुठलीही संख्या वीस प्रश्नांत नक्की सापडते ती त्यामुळेच. स्टॅनिस्लाव ऊलाम या गणितज्ञाने १९७६ मध्ये असे विचारले, की उत्तर देणाऱ्याला एकदा खोटे बोलायची मुभा दिली तर किती प्रश्न लागतील? त्याच्याही आधी, १९६१ च्या सुमारास, हंगेरीच्या आल्फ्रेड रेन्यी यांनी अशाच खेळाचा विचार केला होता, म्हणून हा प्रश्न दोघांच्या नावाने ओळखला जातो. नेमके उत्तर १९८७ मध्ये सिद्ध झाले : पंचवीस. म्हणजे एका खोट्या उत्तराची किंमत पाच प्रश्न, आणि तीही 'एक उत्तर खोटे असू शकेल' हे विचारणाऱ्यांना आधीपासून माहीत असले तर. आपल्या खेळात चूक नकळत होते आणि विचारणारे पूर्ण भरवशावर असतात. तिथे किंमत पाचावर थांबत नाही, सगळा डावच जातो.

म्हणून उत्तर देणाऱ्याला घाई करू देऊ नये. समोरासमोर बसून खेळताना लगेच उत्तर द्यावे लागते. दुरून खेळण्याचा एक मोठा फायदा असा, की उत्तर देण्यापूर्वी पाहून घेता येते, आणि हा फायदा बहुतेक गट वापरतच नाहीत. आमच्या एका सदस्याने डॉ. आनंदीबाई जोशी यांना मनात धरले होते. "वैद्यकीय पदवी घेतली होती का?" होय. "परदेशात घेतली का?" होय, फिलाडेल्फियात, १८८६ मध्ये. मग प्रश्न आला, "भारतात डॉक्टर म्हणून काम केलं का?" घाईत कोणीही 'होय' लिहून मोकळा झाला असता. त्याने अर्धा तास घेतला, वाचून खात्री केली आणि 'नाही' लिहिले. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक ठरली होती, पण त्या परत आल्या तेव्हा क्षयाने खंगलेल्या होत्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये काम हाती घेण्यापूर्वीच त्या गेल्या. त्या एका 'नाही'ने पुढच्याच प्रश्नाला नाव ओळखले गेले, कारण डॉक्टर होऊनही मायदेशी डॉक्टरकी करता न आलेली दुसरी कोण आठवते? खरे उत्तर अडचणीचे वाटले तरी तेच डावाला पुढे नेते.

आता उत्तरांची भाषा. आपल्या भाषेत इथे एक खाच आहे आणि एक सोयही आहे. खाच अशी की, नकारार्थी प्रश्नाला दिलेले 'हो' दोन्हीकडे लागू शकते. "ते जिवंत नाहीत का?" याला "हो" असे उत्तर आले तर कोणी समजते 'हो, नाहीत', कोणी समजते 'हो, आहेत'. बोलताना आवाजावरून कळते, लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो. त्यामुळे प्रश्न नेहमी होकारार्थी असावा, हा नियम कडक ठेवा. नकारार्थी प्रश्न आला तर उत्तर न देता तो परत करावा. तो मोजू नये.

सोय अशी की, 'नाही' आणि 'नव्हे' असे दोन वेगळे शब्द आपल्यापाशी आहेत. "त्याला चाकं आहेत का?" याचे उत्तर "नाहीत"; "तो सायकलीचा भाग आहे का?" याचे उत्तर "नव्हे". असणे आणि तेच असणे यांतला फरक हे शब्द सहज दाखवतात. आमच्याकडे उत्तर देणारा एकाक्षरी 'हो' लिहीत नाही, प्रश्नातले क्रियापद परत लिहितो : "आहेत", "मावत नाही", "गेले होते", "नव्हे". वाचणाऱ्याला संदर्भ शोधावा लागत नाही आणि लिहिणाऱ्याच्याही लक्षात येते की आपण नेमके कशाला दुजोरा देत आहोत. एवढ्या एका सवयीने आमचे निम्मे वाद मिटले.

तिसरे उत्तर असावे की नसावे, यावर पुष्कळ मते आहेत. 'कधीकधी', 'बहुधा', 'थोडेफार' यांना मी परवानगी देत नाही, कारण एकदा ती वाट मोकळी केली की प्रत्येक अवघड प्रश्नाला तीच उत्तरे येऊ लागतात. पण प्रश्नच वस्तूला लागू पडत नसेल तर 'प्रश्न बसत नाही' असे सांगण्याची मुभा हवी, आणि तो प्रश्न वीसांत धरू नये. मनात 'दिवाळी' असेल आणि कोणी "ते लाकडाचं आहे का?" विचारले, तर 'नाही' हे उत्तर खरे असूनही दिशाभूल करते. कोकमाच्या डावात "ते फळ आहे का?" याला खरे तर असेच उत्तर हवे होते : "बसत नाही, 'फळापासून होतं का' असं विचारा."

काय मनात धरावे? रेडिओवर प्राणी, वनस्पती किंवा खनिज यांपैकी एक जाहीर करून सुरुवात होत असे आणि वर्गवारी वस्तू कशापासून आली त्यावरून ठरे. ती पद्धत आपल्या घरगुती वस्तूंवर लावून पाहिली तर करमणूक होते, पण डाव सुकर होत नाही. पैठणीचे रेशीम किड्याचे, म्हणजे ती प्राणीवर्गात. तिची अस्सल जर चांदीची, म्हणजे खनिजवर्गातही. आम्ही सुरुवातीला व्यक्ती, प्राणी, वनस्पती, वस्तू, जागा किंवा 'यांपैकी काही नाही' यांतले एक सांगून टाकतो. नवीन गटाने वस्तूंपासून आरंभ करावा, त्यातही प्रत्येकाने हाताळलेल्या वस्तूंपासून. अडकित्ता, समई, शिट्टी, कुकरची रिंग, रेल्वेचे तिकीट. वस्तू जितकी ओळखीची तितका डाव अवघड होतो, हे पहिल्यांदा ऐकताना पटत नाही, पण दुर्मीळ वस्तूची वैशिष्ट्ये दहा प्रश्नांत उघडी पडतात आणि कुकरच्या रिंगपाशी माणसे सतराव्या प्रश्नापर्यंत पोचत नाहीत. व्यक्ती धरायची तर सर्वांनी शाळेत असताना वाचलेली असावी. दोन महिन्यांपूर्वी कुठल्या तरी मालिकेत दिसलेले पात्र धरले, तर ज्यांच्या घरी ती मालिका लागत नाही ते त्याच क्षणी खेळाबाहेर जातात आणि बहुधा परत येत नाहीत.

प्रश्न विचारण्याबद्दल जे सर्वत्र सांगितले जाते ते बरोबर आहे : शक्यतांचे दोन जवळपास सारखे भाग पडतील असे विचारावे. हे हाताने करून पाहिल्याशिवाय अंगी लागत नाही, म्हणून नव्या सदस्यांना मी महाराष्ट्राच्या जिल्ह्यांवर एक डाव खेळायला लावतो. जिल्हे ३६. पाच प्रश्नांत जास्तीत जास्त ३२ शक्यता हाताळता येतात, म्हणून सहा प्रश्न हवेत आणि सहा पुरतात. नवखा माणूस विचारतो, "कोकणात आहे का?" कोकण विभागात सातच जिल्हे असल्याने बहुतेक वेळा उत्तर 'नाही' येते आणि २९ शिल्लक राहतात. त्याऐवजी "विदर्भात किंवा मराठवाड्यात आहे का?" असे विचारले तर विदर्भाचे ११ आणि मराठवाड्याचे ८ मिळून १९ एकीकडे, १७ दुसरीकडे. 'आहे' आले असे धरू. "विदर्भात का?" आहे; ११ उरले. "नागपूर विभागात का?" आहे, ६ उरले. "मध्य प्रदेशाला लागून आहे का?" नागपूर, भंडारा आणि गोंदिया लागून आहेत, वर्धा, चंद्रपूर आणि गडचिरोली नाहीत. नाही. "तेलंगणाला लागून?" आहे, म्हणजे वर्धा गेला. "छत्तीसगडला?" आहे. गडचिरोली, सहा प्रश्नांत. याच डावात "गडचिरोली आहे का?" असे पहिल्याच प्रश्नाला विचारून कोणी जिंकलेही असते, पण छत्तीसांत एकदा.

या उदाहरणात 'किंवा' आला आहे. काही गटांत 'किंवा'चे प्रश्न वर्ज्य मानतात. मी मानत नाही. उत्तर संपूर्ण वाक्याला द्यायचे एवढे ठरलेले असले की पुरे. मात्र 'आणि'पासून जपावे. "ते लाकडी आणि जुनं आहे का?" याला 'नाही' आले तर दोनांपैकी काय नाही ते कळत नाही आणि एक प्रश्न धुक्यात जातो.

माप सांगणारे शब्द मोजता येतील असे असावेत. 'मोठे', 'जुने', 'प्रसिद्ध', 'महाग' हे शब्द मस्कतमध्ये एक असतात आणि नाशकात दुसरे. "मोठं आहे का?" यापेक्षा "पोळ्यांच्या डब्यात मावेल का?" हे चांगले, "जुनं आहे का?" यापेक्षा "१९४७ पूर्वी आपल्याकडे होतं का?" हे चांगले आणि "प्रसिद्ध आहेत का?" यापेक्षा "त्यांच्या नावाचा रस्ता पुण्यात आहे का?" हे चांगले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नकाशात पाहता येते, त्यामुळे त्यावर वाद होत नाही.

तरीही निम्मे-निम्मे करण्याच्या हिशेबाला न सुचणारे प्रश्न असतात आणि या खेळाचा खरा आनंद मला तिथे वाटतो. आमच्या गटात एक निवृत्त शिक्षिका आहेत. डाव वस्तूचा होता, बारा प्रश्न झाले होते. स्वयंपाकघरातली वस्तू, धातूची, विजेशिवाय चालणारी, हातात धरता येणारी, एवढे कळले होते आणि सगळे पळी, झारा, चिमटा, सोऱ्या अशी नावे एकेक करून टाकायच्या तयारीत होते. बाईंनी विचारले, "एकटं असलं तर त्याचा काही उपयोग आहे का?" उत्तर यायला बराच वेळ लागला. मग आले, "नाही." बाईंनी पुन्हा विचारले, "दोन्ही भाग एकाच धातूचे आहेत का?" "आहेत." "वापरताना शेजारच्या घरात आवाज जातो का?" "जातो." खलबत्ता. तेरावा प्रश्न मी वहीत लिहून ठेवला आहे. वस्तूचा आकार, रंग, वजन असे सगळे विचारत होते. तिला जोडीदार लागतो का, हे कोणी विचारले नव्हते. ती कोणाच्या हाती असते, कधी लागते, तिचा आवाज, वास कसा, ती घरात नसली तर कोणाचे अडते, अशा अंगाने विचार करणाऱ्याला बारा प्रश्नांचा हिशेब दोन प्रश्नांत ओलांडता येतो.

आता दुरून खेळण्याच्या खास अडचणी. पहिली वेळेची. महाराष्ट्रात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा मस्कतमध्ये साडेसात असतात आणि न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेअकरा, हिवाळ्यात साडेदहा. आपल्याकडे गप्प झालेले दोघे-तिघे कुठे राहतात ते एकदा पाहा. बहुतेक गटांत भारतातले लोक रात्री तासाभरात बारा प्रश्न उडवतात आणि अमेरिकेतला माणूस कामावरून सुटेपर्यंत डाव संपलेला असतो. असे चार वेळा झाले की तो उघडून पाहणेही सोडतो. यावर आम्ही दोन प्रकारचे डाव वेगळे केले. रविवारी रात्री नऊचा डाव जलद. ज्यांना जमेल त्यांनी यावे, तासाभरात संपवावा. आठवड्याचा डाव संथ. त्यात प्रत्येकाला दोन प्रश्न, पाळी ठरलेली, पाळी आल्यावर चोवीस तासांत विचारायचा, नाहीतर तो प्रश्न पुढच्याला द्यायचा. नऊ जणांच्या गटात उत्तर देणारा सोडून आठ जणांचे सोळा प्रश्न होतात. उरलेले चार सगळ्यांनी मिळून ठरवून विचारायचे. त्या चार प्रश्नांसाठी उत्तर देणाऱ्याला वगळून वेगळा गट करावा. तिथली चर्चा कित्येकदा मूळ डावाहून अधिक रंगते आणि संकोची माणसे तिथेच पहिल्यांदा बोलू लागतात.

दुसरी अडचण सरमिसळीची. प्रश्नांच्या मध्ये शुभेच्छा, छायाचित्रे, कोणाच्या बाळाचे बारसे असे सगळे येते, आणि ते यायलाच हवे. म्हणून प्रश्नाच्या आधी क्रमांक लिहावा, उत्तर त्याच संदेशाला जोडून द्यावे आणि आजवरच्या प्रश्नोत्तरांची यादी साक्षीदाराने रोज एकदा लिहून वर टाचून ठेवावी. दोन दिवसांनी येणाऱ्याला ती यादी वाचून डावात शिरता आले पाहिजे.

तिसरी अडचण दुरुस्तीची. व्हॉट्सॲपवर पाठवलेला संदेश पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो. उत्तर अशा रीतीने बदलू नये. चूक लक्षात आली तर नव्या संदेशात उघड सांगावे, "प्रश्न ७ चे उत्तर मी चुकीचे दिले होते, ते 'आहे' असे वाचावे", आणि त्यानंतर वाया गेलेले प्रश्न परत द्यावेत. आमच्याकडे चूक कबूल करणाऱ्याला कोणी बोल लावत नाही, हे आम्ही नियमात लिहून ठेवले आहे. ते लिहिले नव्हते तोवर लोक चुका झाकून ठेवत आणि डाव संपल्यावर त्या बाहेर येत.

शोध घेण्याला बंदी घालू नका. ती पाळली जात नाही आणि संशय मात्र वाढतो. नकाशा, शब्दकोश, इतिहासातल्या तारखा खुशाल पाहाव्यात. मिळालेली सगळी उत्तरे एखाद्या चॅटबॉटला देऊन त्याच्याकडून नाव काढून घेणे मात्र आम्ही वर्ज्य केले आहे, कारण मग आठ जणांनी मिळून विचार करण्याचे कारणच उरत नाही.

एका बाबतीत मी तडजोड करत नाही. ऐतिहासिक व्यक्ती ओळखताना शक्यता कमी करण्याची सोपी युक्ती म्हणून जातीचा प्रश्न विचारला जातो, कधी उघड, कधी आडनावाच्या आडून. तो प्रश्न आमच्याकडे विचारता येत नाही आणि विचारलाच तर उत्तर मिळत नाही. तसेच गटातल्या कोणाचे आजारपण, घटस्फोट, नोकरी जाणे यांच्याशी जोडलेली वस्तू किंवा माणूस मनात धरायचा नाही. एकदा कोणीतरी प्रेमाने, एका सदस्याच्या दिवंगत वडिलांची स्कूटर धरली होती. हेतू चांगला होता, पण अकराव्या प्रश्नाला त्या सदस्याला उत्तर कळले आणि पुढचे नऊ प्रश्न तो एकटा ते ओझे घेऊन बसला होता.

आपला गट सध्या रुसलेला आहे, म्हणून पुन्हा सुरुवात करताना नेहमीचा डाव न खेळता एक वेगळा प्रकार खेळून पाहा, असे मी सुचवीन. जॉन व्हीलर हे अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ आपल्यावर बेतलेला एक डाव सांगत असत आणि त्यावरून पुंजभौतिकी (क्वांटम फिजिक्स) समजावत. जेवणानंतर त्यांना खोलीबाहेर पाठवले गेले आणि बाकीच्यांनी ठरवले की, शब्द मुळी ठरवायचाच नाही. ज्याला प्रश्न विचारला जाईल त्याने मनाला येईल ते उत्तर द्यावे, अट इतकीच की आधीच्या सगळ्या उत्तरांशी जुळणारी एक तरी वस्तू त्या क्षणी त्याच्या मनात असली पाहिजे. व्हीलर प्रश्न विचारत गेले, उत्तरे येण्यास उशीर होत गेला, आणि शेवटी त्यांनी 'ढग' असे म्हटले तेव्हा ते उत्तर मान्य करण्यात आले आणि सगळे हसले.

व्हॉट्सॲपवर हा डाव फार चांगला जमतो. एकाला न सांगता विचारणारा करा आणि बाकीच्या आठ जणांनी पाळीपाळीने उत्तर द्या. प्रत्येकाने आपल्या उत्तराच्या वेळी मनात असलेली वस्तू साक्षीदाराला पाठवायची. साक्षीदार ती आधीच्या उत्तरांशी ताडून पाहील. पहिल्या तीन-चार उत्तरांना काहीच श्रम पडत नाहीत. सातव्या-आठव्या प्रश्नानंतर ज्यांनी आजवर दुसऱ्यांच्या उत्तरांवर हरकती घेतल्या त्यांच्याकडूनही "थांबा, जरा विचार करतो" असे संदेश येऊ लागतील. ते येऊ लागले की कोणी घाई करू नये. त्यांना हवा तेवढा वेळ द्यावा.